उसन्या लाइफचा हिशेब

सांगलीच्या गणपती पेठेमागील एका जुन्या घराच्या माळ्यावर कित्येक वर्षे पुठ्ठ्याचे एक खोके पडून होते. २०१९ च्या महापुरात त्या घराच्या खालच्या मजल्यावरील वह्या, गाद्या, शिसवी पेटी, दोन पिढ्यांचे फोटो असे पुष्कळ काही गेले. माळ्यावरचे तेवढे वाचले. गेल्या पावसाळ्यात छताला गळती लागली म्हणून माळा रिकामा करताना घरातील पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती ते खोके लागले. आत एक टीव्ही गेम, दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि पिवळ्या रंगाच्या चार कॅसेट होत्या. खोक्याच्या झाकणावर स्केचपेनने, शाळकरी अक्षरात, दोन नावे लिहिलेली होती आणि त्यांच्याखाली ओळ होती : ‘भागीदारी निम्मी-निम्मी’.

पहिले नाव मुलाच्या वडिलांचे होते. दुसरे नाव त्याने घरात क्वचितच ऐकले होते. त्याने खोक्याचा फोटो काढला, वडिलांच्या फोनमधून त्या दुसऱ्या नावाचा क्रमांक शोधला आणि लिहून पाठवले, ‘काका, यातलं निम्मं तुमचं आहे का?’ तासाभराने उत्तर आले, ‘शनिवारी येतो.’

या दोन मित्रांना येथे सांगलीकर आणि पुणेकर एवढेच म्हटले आहे. सांगलीकरांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. पुणेकर हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. दोघेही त्रेचाळिशीतले. शाळा एक, पेठ एक, आणि १९९३ साली दोघांच्या वडिलांनी निम्मे-निम्मे पैसे घालून मुंबईहून आणलेला टीव्ही गेमही एकच. पुढे २००८ साली दोघांनी मिळून हळद पावडरीचा पॅकबंद धंदा सुरू केला. नावही ठरवले, पिशव्या छापल्या, कोकणात आणि गोव्यात माल पाठवला. चार वर्षांनी पुणेकरांना चांगली नोकरी मिळाली. त्यांनी आपले भांडवल काढून घेतले आणि ते गेले. भांडण झाले नाही. लेखी फारकत झाली, दोघांनी सह्या केल्या. पण त्यानंतर लग्न, बारसे, वर्षश्राद्ध अशा निमित्तांपलीकडे बोलणे उरले नाही. महापुराच्या आठवड्यात पुण्याहून फोन आला होता. तो उचलला गेला नाही, आणि उलट फोन करणेही राहून गेले.

शनिवारी दुपारी पुणेकर आले, तेव्हा पाऊस लागलेला होता. सांगलीकरांच्या मातोश्रींनी दारातच विचारले, “किती वर्षांनी रे?” त्यावर दोघांपैकी कोणीही आकडा सांगितला नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली, तेव्हा सगळी संध्याकाळ मोकळी पुढे पडली होती. खोके दिवाणखान्यात आले. जुने यंत्र नव्या टीव्हीला जोडण्यात अर्धा तास गेला. पिवळ्या आणि पांढऱ्या वायरी लावायच्या भोकांवर धूळ बसली होती. कॅसेट घातली तर पडदा करडा. मग सर्व भारतीय मुले १९९० च्या दशकात जे करीत असत तेच झाले. कॅसेट काढली, तिच्या खाचेत जोरात फुंकर मारली, पुन्हा घातली, आणि चित्र आले. पुणेकरांनी सांगितले की फुंकर मारण्याने प्रत्यक्षात काही साधत नाही. तोंडातील ओलाव्याने उलट आतल्या पट्ट्या गंजतात. काम होते ते कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. सांगलीकरांनी ऐकून घेतले आणि पुढच्या कॅसेटला फुंकर मारली.

हे यंत्र म्हणजे नक्कल, हे १९९३ साली त्या दोघांना ठाऊक नव्हते. मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीने जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ या नावाने बाजारात आणले. भारतात घरोघर पोहोचल्या त्या बहुतेक त्याच्या विनापरवाना नकला. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत मोजके खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भरलेले असत. मापात इतके उघड पाप क्वचितच कुठल्या मालात झाले असेल. आणि तरीही ग्राहक नाराज झाल्याचे कोणालाच आठवत नाही.

निन्टेंडोची हकीकत व्यापारी घरात सांगण्यासारखी आहे आणि त्या संध्याकाळी ती सांगितलीही गेली. ही पेढी १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी काढली, ती हानाफुदा म्हणजे फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठी. पुढची गादी घरजावयाकडे गेली आणि १९४९ साली विशीतल्या हिरोशी यामाउचींना आजोबांच्या आजारपणामुळे कॉलेज सोडून पेढीवर बसावे लागले. त्यांनी पुष्कळ उद्योग करून पाहिले. झटपट शिजणारा भात विकला, टॅक्सी चालवल्या. काही बुडाले, काही बंद केले. खेळण्यांकडे आणि तिथून इलेक्ट्रॉनिक खेळांकडे पेढी वळली ती या धडपडीतून. २००२ पर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे, ते त्या खुर्चीवर होते.

पण खरी कसोटी लागली अमेरिकेत. तिथे १९८० च्या सुमारास व्हिडिओ गेमचा बाजार तेजीत होता आणि तेजीत जे होते ते झाले. जो तो खेळ काढू लागला, दुकानदारांनी मागणी न पाहता माल भरला. अटारी कंपनीने एका गाजलेल्या चित्रपटावरून ‘ई. टी.’ नावाचा खेळ सुमारे पाच आठवड्यांत तयार करवून घेतला आणि १९८२ च्या नाताळासाठी भरमसाट कॅसेट काढल्या. त्या पडून राहिल्या. १९८३ साली न खपलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो गावाबाहेर नेऊन खड्ड्यात पुरण्यात आले. ही दंतकथा आहे असे अनेकांना वाटे. एप्रिल २०१४ मध्ये तो खड्डा खणला, तेव्हा कॅसेट खरोखरच निघाल्या. त्यानंतर अमेरिकेतील खेळण्यांचे दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दही ऐकून घेईनासे झाले.

अशा बाजारात यामाउचींचे जावई मिनोरू अराकावा माल घेऊन उभे राहिले. ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानदारांपुढे त्यांनी ठेवलेली अट सांगलीच्या यार्डातही कळण्यासारखी होती. माल ठेवून घ्या, नव्वद दिवस पैसे मागणार नाही, विकला नाही तर परत नेऊ. शिवाय बाहेरच्या कंपन्यांनी वर्षाला पाचच खेळ काढायचे, असे बंधन निन्टेंडोने घातले. पुन्हा बाजार मालाने बुडू नये म्हणून. सांगलीकर म्हणाले, “नव्वद दिवसांची उधारी आणि परतीची हमी. त्याच्या सासऱ्याला झोप कशी लागली असेल?” मातोश्री म्हणाल्या, “जावयावर भरवसा असेल तर लागते.” त्या यंत्राची जगभरात सुमारे सहा कोटी नगांची विक्री झाली. सांगलीतली नक्कल अर्थातच या हिशेबात नाही.

पहिली कॅसेट मारिओची होती. तिच्यात एक गंमत आहे, ती पुणेकरांनी मुलाला दाखवली. १९८५ चा तो संपूर्ण खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज फोनवर काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट जागा खातो. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच आकृती वापरली आहे. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. मुलगा पडद्याजवळ जाऊन पाहत राहिला. सांगलीकरांना मात्र एकदम पिशव्या आठवल्या. त्यांच्या हळदीच्या पाव किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या पिशवीला एकच छाप होता, फक्त रंग वेगळा. ते तसे म्हणाले आणि लगेच गप्प झाले. धंद्याचा विषय निघाला तो एवढाच.

नंतर बंदूक निघाली. ‘डक हंट’ हा खेळ या घरात एका अटीवर चालत असे. बदकांवर नेम धरायला त्या वेळच्या आजींची सक्त मनाई होती. खोटी असली म्हणून काय झाले, मन तर खरे आहे, असे त्यांचे म्हणणे. पण त्या खेळाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकाला मातीच्या थाळ्या हवेत उडतात आणि त्यांवर नेम धरता येतो, हे अकरा वर्षांच्या दोघांनी शोधून काढले होते. आजींनी स्वतः समोर बसून खात्री करून घेतली आणि तिसऱ्या क्रमांकाला परवानगी दिली. ती परवानगी अजून लागू आहे, असे मातोश्रींनी गंभीरपणे जाहीर केले.

थाळ्या उडाल्या, बंदुकीचा खटका वाजला, पण एकही थाळी फुटेना. यंत्र बिघडले नव्हते. ही बंदूक काही सोडत नाही, ती फक्त पाहते. खटका ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या क्षणी नेमाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदक आधी अंधार आणि लगोलग उजेड दिसला तर नेम बरोबर मानतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटत असे. नवे टीव्ही चित्र दाखवण्यापूर्वी त्यावर किंचित काळ प्रक्रिया करतात, आणि तेवढ्या उशिराने बंदूक आंधळी होते. वरच्या खोलीत आजोबांचा काचेचा टीव्ही होता. तो दोघांनी मिळून जिन्यावरून खाली आणला. मधल्या वळणावर एकाने “थांब, माझ्याकडे वजन येतंय” म्हटले आणि दुसऱ्याने पायरी चढून खांदा लावला. मुलाला त्यांनी मदतीला येऊ दिले नाही. थाळ्या फुटू लागल्या तेव्हा मातोश्रींनीही दोन नेम धरले. एक लागला.

रात्री नऊनंतर घर शांत झाले आणि ‘काँट्रा’ निघाला. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ साली दुकानातील यंत्रांसाठी आला आणि पुढच्या वर्षी घरगुती यंत्रावर. दोन सैनिक, आठ टप्पे आणि प्रत्येकी तीन लाइफ. एका गोळीत लाइफ जाते, त्यामुळे बहुतेकांचा खेळ तिसऱ्या टप्प्यापुढे जात नसे. त्यावर एक चोरवाट होती. सुरुवातीच्या पडद्यावर वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, बी, ए अशी बटणे दाबली की तीन ऐवजी तीस लाइफ मिळत. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात १९८६ साली ‘ग्रेडियस’ नावाच्या दुसऱ्या खेळात घातला होता. तपासणीसाठी खेळताना तो खेळ त्यांना स्वतःलाच जमेना म्हणून. पुणेकरांची बोटे आपोआप त्या बटणांकडे गेली. सांगलीकरांनी हात धरला. “तीनवरच खेळू. आधीच उचल नको.”

‘काँट्रा’त आणखी एक सोय आहे. एकाच्या तिन्ही लाइफ संपल्या तर तो जोडीदाराच्या शिलकीतून एक लाइफ घेऊ शकतो. त्यासाठी बटण दाबावे लागते ते घेणाऱ्याला. देणाऱ्याला विचारले जात नाही. लहानपणी यावरून जितकी भांडणे झाली तितकी अभ्यासावरूनही झाली नसतील. शिष्टाचार असा पडला होता की आधी तोंडाने मागायचे, “एक लाइफ दे की रे”, आणि होकार आल्यावरच बटण दाबायचे. न विचारता घेणारा त्या दिवशी शेव-चुरमुऱ्याला मुकत असे.

तिसरा टप्पा धबधब्याचा. इथे खेळ आडवा न जाता वर चढत जातो. दगडांच्या फळ्यांवरून उड्या मारत वर जायचे आणि पडदाही बरोबर वर सरकतो. मात्र पडदा सरकतो तो जो पुढे असेल त्याच्या चालीने. मागे राहिलेल्याच्या पायाखालची फळी पडद्याखाली गेली की तो मेला. शत्रू लागत नाही, जोडीदाराची घाई पुरते. पुणेकर पूर्वीपासून उड्यांत तरबेज. ते सपासप वर गेले. सांगलीकर खाली राहिले आणि गेले. दुसऱ्यांदाही तेच झाले. तिसऱ्यांदा पुणेकर थांबले, पण तोवर सांगलीकरांच्या लाइफ संपल्या होत्या. पडद्यावर एकच सैनिक एका फळीवर उभा राहिला. कोणीच काही बोलेना. सांगलीकर बटण दाबत नव्हते.

“घे की,” पुणेकर म्हणाले.

“तुझ्या दोनच आहेत.”

“असू देत.”

तरी बटण दाबले गेले नाही. मग बऱ्याच वेळाने, पडद्याकडेच पाहत, पुणेकरांनी विचारले, “त्या पिशव्यांच्या छपाईवाल्याचे किती राहिले होते?”

“चार लाख ऐंशी.”

“कधी फिटले?”

“सोळा साली. थोडे थोडे करत.”

“बोलला नाहीस कधी.”

“तू विचारलं नाहीस.”

समोरासमोर खुर्च्या मांडून हे संभाषण बहुधा झाले नसते. यार्डात जुने अडते एखादा नाजूक सौदा तराजूकडे पाहत बोलतात, ग्राहकाच्या डोळ्यांकडे नाही. दोघांच्या हातात रिमोट, दोघांची नजर पडद्यावर, आणि बोलणे मध्येच थांबले तरी अवघडून जाण्याचे कारण नाही, कारण काहीतरी चालूच आहे. पुरुषांच्या मैत्रीला असे एखादे तिसरे काम मध्ये लागते. पत्ते, कॅरम, मोटारसायकलची दुरुस्ती. या दोघांपुरते ते काम हा खेळ होता. सांगलीकरांनी अखेर बटण दाबले. धबधबा दोघांनी बाराच्या सुमारास ओलांडला. वर चढताना पुणेकर प्रत्येक फळीवर थांबत होते आणि सांगलीकर “चल, आलो” म्हणाल्यावर पुढची उडी घेत होते.

रविवारी सकाळी न्याहारीच्या वेळी पुणेकरांनी फोन काढला आणि दोन लाख चाळीस हजार पाठवतो म्हणून सांगितले. सांगलीकरांनी ताट बाजूला सारले. हिशेब २०१२ सालीच मिटला, सह्या झाल्या, आता त्यात काही येणे नाही, असे त्यांचे म्हणणे. कायद्याने ते बरोबरही होते. फारकतीच्या कागदात देणी सांगलीकरांच्याच नावे होती. वाद वाढू लागला तेव्हा मातोश्री स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “घे ते,” त्या मुलाला म्हणाल्या. “तुला नको असतील, पण त्याला मोकळं व्हायचंय. तेवढं तरी दे त्याला.” आणि पुणेकरांकडे वळून, “व्याज मागणार नाही हा, भिऊ नकोस.” पैसे आले. सांगलीकरांनी रोजमेळात जमेच्या बाजूला ‘जुनी येणी’ एवढेच लिहिले. त्यांच्या मुनीमजींनी सोमवारी विचारले तेव्हा त्यांनाही त्याहून जास्त सांगितले गेले नाही.

दुपारी मुलाची पाळी आली. त्याच्या मते आदल्या दिवसाचा प्रकार वस्तुसंग्रहालय पाहण्यासारखा होता. त्याच्या संगणकावर ‘इट टेक्स टू’ हा खेळ उतरवायला काढला, त्याला सुमारे पन्नास जीबी जागा लागते. मारिओच्या चाळीस किलोबाइटशी तुलना केली तर बारा लाखांहून अधिक पट. स्टॉकहोमच्या हेझलाइट स्टुडिओने हा खेळ मार्च २०२१ मध्ये काढला. त्याचे दिग्दर्शक जोसेफ फारेस पूर्वी चित्रपट करीत. त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला.

कथा घरगुती आहे. घटस्फोट घ्यायला निघालेले मे आणि कोडी हे जोडपे आपल्या मुलीच्या दुःखाने दोन छोट्या बाहुल्या बनते, आणि पुन्हा माणूस होण्यासाठी दोघांना स्वतःच्याच घराच्या शेडमधून, बागेतल्या झाडातून वाट काढावी लागते. हा खेळ एकट्याने खेळताच येत नाही. तशी सोयच ठेवलेली नाही. शेडमध्ये एकाजवळ खिळे असतात आणि दुसरीजवळ हातोडीचे डोके. एकाने लाकडात खिळा मारायचा, दुसरीने हातोडी त्याला अडकवून झोका घेत पलीकडे जायचे. झाडात गेल्यावर एकाला चिकट डिंक फेकता येतो, दुसरीला पेटती काडी. डिंकाशिवाय काडी वाया, काडीशिवाय डिंक वाया. दोघांची हत्यारे वेगळी, आणि कोणाचेही एकट्याचे पुरेसे नाही.

येथे लाइफ मोजत नाहीत, हे सांगलीकरांना प्रथम खटकले. पडले की क्षणभरात परत उभे. मग मेहनतीला किंमत काय? मोठ्या लढतीत मात्र नियम बदलतो. पडलेल्याला परत यायला वेळ लागतो आणि तोवर जोडीदाराने तग धरायचा असतो. दोघेही एकाच वेळी पडले तरच डाव पहिल्यापासून. तेव्हा पुणेकर सरावाने वाचत आणि सांगलीकर पडत, पण कोणी कोणाकडे काही मागत नव्हते.

सांगलीकरांची खरी अडचण अंगठ्यांची होती. जुन्या रिमोटला चार दिशांचे एक बटण आणि दोन लाल बटणे. नव्याला दोन काड्या. डावीने चालायचे, उजवीने मान फिरवायची. पहिली वीस मिनिटे त्यांची बाहुली भिंतीकडे तोंड करून उभी होती. मुलगा मागे उभा राहून “बाबा, उजवी काडी. उजवी” म्हणत राहिला. पाचवीत त्याला पाढे पाठ करवून घेताना सांगलीकरांनी जो सूर लावला होता, तोच त्याने लावला होता. हे त्याच्या लक्षात आले नाही, वडिलांच्या आले.

व्हिडिओ गेम म्हणजे मुलाचे एकट्याने कोपऱ्यात बसणे, ही आजच्या पालकांची तक्रार खोटी नाही. पण या खेळांचा जन्म एकट्यासाठी झालेला नव्हता. विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांसाठी आलेखयंत्राच्या पडद्यावर खेळ मांडला, त्याचे नावच ‘टेनिस फॉर टू’. अटारीचा १९७२ चा ‘पाँग’ही दोघांशिवाय खेळता येत नसे. त्याचे पहिले यंत्र कॅलिफोर्नियातील एका मद्यगृहात ठेवले होते. ते बंद पडले म्हणून अटारीचा माणूस पाहायला गेला, तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता. यंत्राला प्रतिस्पर्धी व्हायला शिकवणे त्या काळी अवघड होते, म्हणून शेजारी माणूस लागे. पुढे यंत्र हुशार झाले, मग इंटरनेट आले आणि शेजारची खुर्ची रिकामी झाली.

मुलाने यावर हरकत घेतली. तो रोज रात्री कानाला हेडफोन लावून एका अहमदाबादच्या मुलाशी खेळतो. प्रत्यक्ष भेट नाही, पण त्याच्या बहिणीच्या दहावीचे गुणही याला ठाऊक आहेत. ही मैत्री नव्हे, असे ठामपणे म्हणायला दोघांपैकी कोणी धजावले नाही. सांगलीकरांची काळजी वेगळी होती. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाचे व्यसन आजारांच्या यादीत घेतले आहे, आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हे त्यांनी वाचले होते. पुणेकरांनी त्यातली अट सांगितली. तास किती, यापेक्षा ताबा सुटला का, बाकी सगळे मागे पडले का, नुकसान दिसूनही थांबता येत नाही का, आणि हे साधारण वर्षभर चालले आहे का, हे पाहतात. मुलाने जेवण, शाळा आणि क्रिकेट तिन्ही चालू असल्याचे नम्रपणे नमूद केले.

यार्डात खरी धास्ती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि दोन्हींची गल्लत नेहमी होते. पैसे लावून फोनवर खेळायचे रमी-पोकर हे व्हिडिओ गेम नव्हेत, तो जुगार आहे. एका पेढीवरील तरुणाने त्यात वसुलीची रक्कम घालवल्याची चर्चा सांगलीकरांच्या कानावर होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. घरात मुलाच्या हातातला फोन पाहून ओरडण्यापूर्वी त्यावर नेमके काय चालू आहे, हे विचारण्याइतका फरक या दोहोंत नक्कीच आहे.

संध्याकाळी निघण्यापूर्वी पुणेकरांनी आणखी एक खेळ थोडा वेळ दाखवला. ‘राजी’. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ही गोष्ट आहे. तिच्या मागचे महाल-जाळ्या राजस्थानी आणि मधल्या कथाभागांना छायाबाहुल्यांचे रूप. हा एकट्याचा खेळ, म्हणून रिमोट हातोहात फिरला. मातोश्रींना पडद्यावरची कमान पाहून जैसलमेरची यात्रा आठवली आणि त्या यात्रेत बस चुकल्याची गोष्ट पूर्ण झाल्याशिवाय कोणालाच उठता आले नाही. पुणेकरांची गाडी त्यामुळे जवळजवळ चुकली.

‘इट टेक्स टू’ झाडातल्या भागापर्यंतच आला होता. या खेळाची एक सोय अशी की एकाने विकत घेतला तर दुसऱ्याला तो न घेताही मित्र म्हणून दुसऱ्या गावाहून सामील होता येते. मुलाने दोन्हीकडची जुळवाजुळव करून दिली. पेढीचा हिशेब नऊपर्यंत जुळतो, म्हणून गुरुवारी साडेनऊ ही वेळ ठरली. टीव्ही गेमचे खोके कुठे ठेवायचे, असे मुलाने विचारले. कृष्णेचे पाणी त्या आठवड्यात चढत होते. सांगलीकर म्हणाले, “माळ्यावरच. आणि वर प्लॅस्टिक टाक.”

गुरुवारी साडेनऊला ते संगणकापुढे बसले. दुसरा खेळाडू आल्याशिवाय हा खेळ सुरू होत नाही. तोवर पडद्यावर निम्मी जागा रिकामी राहते. पुणेकर दहा मिनिटे उशिरा आले. “ऑफिसचा कॉल संपेना,” म्हणाले.

“असू दे,” सांगलीकर म्हणाले. “उजवी काडी कुठली ते सांग आधी. पोरगं झोपलंय.”